एका अंशाला अकरा मिलिमीटर

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्रेसष्ट सेंटिमीटर भरला. टेप पुन्हा लावून पाहिली, तरी त्रेसष्टच. सातानं भाग जाणारी त्रिज्या! पाठ्यपुस्तकं तयार करणारे लोक बावीस सप्तमांशाची आकडेमोड सोपी जावी म्हणून सात, चौदा, एकवीस अशाच त्रिज्या देतात, आणि पोरांना वाटतं देवानं जगातली सगळी वर्तुळं सातच्या पाढ्यातच घातलीयेत. दहावीच्या वर्गावर जन्मभर मी या प्रकारावर चिडत आले. आणि इथं माझ्या सख्ख्या बहिणीचा हात निघाला तो नेमका पुस्तकातला. वेडीच मी, मला त्या दिवशी बरं वाटलं. म्हटलं, हे गणित सुटणार.

गणित असं होतं. तिचा उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी काढून टाकल्या होत्या. मग केमो झाली. त्यानंतर रेडिएशन द्यायचं होतं, ज्याला आमच्याकडे सगळे 'लाईट घेणं' म्हणतात. लाईट घेताना टेबलावर उताणं झोपून हात डोक्याकडे वर नेऊन आधारावर ठेवावा लागतो, नाहीतर यंत्राला नीट पोचता येत नाही. आणि हिचा हात वर जातच नव्हता. अंगापासून थोडा लांब झाला की गंजलेल्या बिजागरीसारखा थांबायचा. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं तिचं कोन मोजायचं यंत्र लावलं आणि सांगितलं की मावशींचा आत्ता चाळीस अंश आहे, निदान एकशेवीस तरी लागेल. डॉक्टर म्हणाले, हात आला की सुरू करू, पण फार दिवस थांबून चालणार नाही. म्हणजे सगळं घोडं त्या एका कोनापाशी येऊन अडलं होतं. चाळीसचे एकशेवीस व्हायचे होते, आणि तेही लवकर.

हात असा का झाला? बघायला येणाऱ्या बायकांमुळे. पिंपळगाव बसवंतच्या पुढे तिच्या सासरची द्राक्षबाग आहे. ऑपरेशननंतर तिकडून टेंपो भरून बायका आल्या, आणि प्रत्येकीचं एकच, हात हलवू नको, टाके उसवतील. एकीच्या नणंदेचे म्हणे उसवले होते. कुणाची नणंद, कुठले टाके, कशाचा कशाला पत्ता नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामापेक्षा त्या न पाहिलेल्या नणंदेचं वजन जास्त पडलं. हिनं हात पोटाशी धरला तो केमो संपेपर्यंत सोडला नाही. मी ओरडले की म्हणायची, ताई, तुला काय कळतंय त्यातलं, तुझं लग्न तरी झालंय का. हे तिचं ठेवणीतलं अस्त्र. लग्न न झालेल्या बाईला टाक्यांतलंसुद्धा काही कळत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

ती राहायला माझ्याकडेच होती, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर. आजारी माणसाला रोज पिंपळगावहून ने-आण करणं कुणालाच झेपलं नसतं. तिचे यजमान बाग सोडून येऊ शकत नव्हते. आमचे मेहुणे माणूस भला, पण द्राक्षाला थंडीत एक दिवस पाठ दाखवून चालत नाही. घडांतले जास्तीचे मणी कापायची विरळणी, औषधात घड बुडवणं, फवारण्या, सगळं तेव्हाच येतं. लग्न होऊन गेल्यापासून बागेत ती नाही असा तो पहिलाच हंगाम होता. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा आणि ती आधी बागेचं विचारायची, मग जेवलात का, आणि मग ते घाबरत घाबरत हाताचं विचारायचे.

मी हॉलमधलं शोकेस सरकवलं आणि भिंत मोकळी केली. तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. खांदा जिथं टेकला तिथं पेन्सिलनं टिंब दिलं. हा केंद्रबिंदू. मग तिला बाजूला बसवलं, टिंबावर दोऱ्याचं एक टोक अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्या टोकाला त्रेसष्ट सेंटिमीटरवर खडू बांधला आणि खालपासून वरपर्यंत कंस काढला. आता हात भिंतीला चिकटवून बाजूनं वर न्यायचा. बोट खडूच्या रेघेवरून सरकवायचं. थांबेल तिथं मी खूण करणार, खालच्या टोकापासून खुणेपर्यंत रेघेवर दोरा बसवणार आणि दोरा टेपला लावणार, की झाली कंसाची लांबी.

पुढचं तर शेंबडं पोरही करेल. त्रेसष्टच्या त्रिज्येचा परीघ तीनशे शहाण्णव. तीनशे साठ अंशांना तीनशे शहाण्णव सेंटिमीटर, म्हणजे एका अंशाला अकरा मिलिमीटर. कंसाच्या लांबीला एक पूर्णांक एक दशांशनं भागलं की कोन हातात. पहिल्या दिवशी दोरा चव्वेचाळीस सेंटिमीटर भरला, म्हणजे चाळीस अंश. त्या मुलीचं यंत्र आणि माझी भिंत तंतोतंत जुळली. एकशेवीसची खूण एकशे बत्तीस सेंटिमीटरवर येत होती, ती मी लाल खडूनं केली. कंपासपेटीतला कोनमापक मी मुद्दाम घेतला नाही. त्याच्यावर एक अंश डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवर तो करंगळीच्या रुंदीएवढा दिसतो, आणि दुखणाऱ्या माणसाला काहीतरी दिसावं लागतं. मी तिला म्हणायचे, आज फक्त एक करंगळी पुढे जायचं, जास्त नाही.

ती जायची. दात ओठ खाऊन जायची. थंडीत सकाळी खांदा लाकूड झालेला असायचा, मग गरम पाण्याची पिशवी, मग तेल, मग भिंत. अंगावर शाल असायचीच. डोक्यावरचे केस गेलेले, छातीची एक बाजू सपाट झालेली, ते ती माझ्यासमोरही उघडं ठेवत नसे. एका गोधडीत झोपून आम्ही मोठ्या झालो, न्हाणीघरात एकमेकींच्या अंगावर पाणी उडवलं, तरीसुद्धा नाही. तेलसुद्धा शालीखाली हात घालून लावावं लागायचं. मी कधी जबरदस्ती केली नाही. मला बोट दिसत होतं आणि रेघ दिसत होती, तेवढं पुरे होतं.

संक्रांतीच्या सुमारास दोरा सहासष्ट सेंटिमीटर भरला. साठ अंश. मग जरा अडलं. मग एकदम चालायला लागलं. नव्याण्णव सेंटिमीटर झाले तेव्हा मी शिरा केला. काटकोन झाला म्हणून तुपातला शिरा करणारी बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल. तिला चव कळत नव्हती, तरी माझ्या समाधानासाठी दोन घास खाल्ले आणि म्हणाली की शाळेत माझे सगळे काटकोन चुकायचे आणि तू कान पिरगाळायचीस, तेव्हा कधी शिरा नाय केलास. आम्ही खूप हसलो. मेहुण्यांना मीच फोन केला. ते पलीकडे नुसतं हं, हं करत राहिले, आणि मला कळलं की ते रडतायत.

त्या दिवसांत हॉस्पिटलात जाणं बंद होतं. रक्तातल्या पेशी कमी झाल्यामुळे गर्दीत आणू नका, व्यायाम घरीच करा, असं सांगितलं होतं. त्यामुळे डॉक्टरांना जे कळायचं ते माझ्याकडून फोनवर कळायचं. शंभर झाले म्हणून मी कळवलं. एकशे दहा झाले म्हणून कळवलं. लाल खुणेला बोट लागलं त्या दिवशी तर मी हातातला दोरा टाकून आधी फोनच लावला. त्यांनी टेबलावर झोपवून मापं घ्यायचा दिवस दिला. आदल्या दिवशी तिनं माझ्याकडून स्वच्छ धुतलेला गाऊन मागून घेतला. लग्नाला निघाल्यासारखी तिची गडबड चाललेली.

टेबलावर तिचा हात वर गेला नाही.

मी बाहेर बाकावर होते. आतून तिचा ओरडा ऐकू आला आणि थोड्या वेळानं त्यांनी मलाच आत बोलावलं. ती उताणी पडलेली, हात बाजूला निघालेला आणि काटकोनाच्याही अलीकडे थांबलेला. यंत्रावरचा मुलगा वैतागला नव्हता, पण त्यानं मला विचारलं की एकशेवीस कुणी मोजलं. मी म्हटलं, मी. मला सांगता येणार नाही मला काय झालं ते. मी म्हणत होते, काल होतं हो, काल संध्याकाळी होतं, आणि तो मान हलवत होता.

फिजिओथेरपीच्या मुलीनं तिला तिथल्याच भिंतीला उभं केलं. म्हणाली, मावशी, घरी करता तसंच करून दाखवा. आणि तिनं बहिणीच्या अंगावरची शाल काढली. सहज काढली, विचारलंसुद्धा नाही, तिचं रोजचंच काम ते. बहिणीनं हात वर न्यायला सुरुवात केली आणि मी पहिल्यांदा तिचा खांदा पाहिला. हाताबरोबर खांदाही वर चालला होता, जवळजवळ कानाला लागला. मग कंबर डावीकडे गेली. मग उजवी टाच उचलली. अख्खं अंग डाव्या बाजूला कलंडलं, आणि हात छान वर, जिथं पाहिजे तिथं. मुलीनं एक तळवा तिच्या खांद्यावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं कंबर सरळ केली आणि म्हणाली, आता न्या. यंत्र लावलं. ऐंशीसुद्धा पुरते नव्हते.

माझा केंद्रबिंदू भिंतीवर होता. तिचा केंद्रबिंदू तिच्या खांद्यात होता, आणि तो शालीखाली रोज थोडा थोडा वर जात होता. मी मात्र रोज भिंतीवरच्या टिंबापासून कोन काढत बसले होते. कंसाची लांबी बरोबर, त्रिज्या बरोबर, भागाकार बरोबर, आणि उत्तर चूक.

आम्ही रिक्षानं घरी आलो. दार लावलं आणि मग माझा तोल गेला. मी तिला वर्तुळाची व्याख्या ऐकवली. हो, व्याख्या. स्थिर बिंदूपासून समान अंतरावरचे बिंदू, स्थिर, स्थिर, मी ओरडत होते, आणि ती दाराशी चपला न काढताच उभी होती. मी म्हटलं, मला फसवून तुला काय मिळालं? तिनं माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं मी काय म्हणतेय ते.

"मी फसवलं नाय गं ताई," ती म्हणाली. "घड लांब असला की मी असंच करते."

तिचं निम्मं आयुष्य मांडवाखाली गेलंय. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर असतो, घड खाली लोंबतात, आणि विरळणीला उभी राहिलेली बाई दिवसभर हात वर करूनच असते. एका हातात घड, दुसऱ्यात कात्री. संध्याकाळपर्यंत खांदा नुसत्या खांद्याच्या जोरावर टिकत नाही. म्हणून बायका कंबर देतात, टाच देतात, अंग कलतं करतात, आणि घडापर्यंत पोचतात. नवी सून आली की सासू तिला हेच आधी शिकवते, पोच म्हणावं घडापर्यंत, खांदा मारून घेऊ नको. मी तिला लाल खडूची खूण दाखवली होती आणि म्हटलं होतं, इथं पोच. ती पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा खांदा धरायला लागले. शाल काढायची, तिला भिंतीला लावायचं, माझा डावा तळवा तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून दाबायचा आणि म्हणायचं, ने. ती नेत नसे, नेता येतच नसे, एक करंगळी गेली की कण्हायची. तिच्या छातीवरचा व्रण माझ्या मनगटाला लागायचा. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी माझ्या बहिणीला भिंतीला दाबून रडवत होते आणि वर शाबास म्हणत होते. डॉक्टर म्हणाले होते की दुसऱ्या पद्धतीनं देता येतं का ते बघू, पण हात आला तर उत्तम, थोडे दिवस बघा. ते थोडे दिवस आम्ही नव्वदपाशी अडकून काढले. मी तेव्हा देवाला शिव्या दिल्या, त्या नणंदेला दिल्या, शाळेच्या पुस्तकांना दिल्या. मला कुणाचातरी गळा धरायचा होता आणि हातात फक्त तिचा खांदा होता.

मग तिला मळमळायला लागलं, आणि जेवण जाईना. आम्हाला वाटलं केमोचंच उरलंसुरलं असेल. डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या आणि आम्हाला दोघांना, मला आणि मेहुण्यांना, आत बोलावलं. तिला बाहेर सिस्टरजवळ बसवलं होतं. आपल्याकडे हे असंच चालतं. ज्याचं दुखणं त्याला बाहेर बसवतात आणि निरोप नातेवाईकांना देतात. लिव्हरमध्ये पसरलं होतं, चांगलंच पसरलं होतं. आता छातीला लाईट देऊन उपयोग नाही, गोळ्यांवर जेवढं होईल तेवढं बघू. मी विचारलं, हातामुळे उशीर झाला म्हणून का? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही, आधीपासूनही असू शकतं. मला ते पटलं नाही. नाही पटलं असंही म्हणवेना. मेहुण्यांनी तिथल्या तिथं माझ्यापुढे हात जोडले. "ताई, तिला नका सांगू. ती बागेत हिंडतेय अजून मनानं."

आम्ही तिला सांगितलं की लाईट जरा पुढे ढकललंय. कशासाठी, तिनं विचारलं. मेहुणे माझ्याकडे बघायला लागले. आणि ती आपणच म्हणाली, हातासाठी ना? मेहुणे म्हणाले, हो, हातासाठी. हात आला की बोलावतील.

यापुढचं मला लिहवत नाही, पण लिहिते. त्या दिवसापासून ती स्वतः भिंतीपाशी जाऊन उभी राहायला लागली. मला हाक मारायची, ताई, ये, धर. तोवर मीच तिच्या मागे लागायचे, आता तीच माझ्या. मी म्हणायचे, आज राहू दे, आज दमलीस. ती म्हणायची, दमून कसं चालेल, ते लोक थांबलेत ना माझ्यासाठी. शाल स्वतःच काढून खुर्चीवर टाकायची. आता तिला माझी लाज वाटत नव्हती. खांदा हलायला लागला की आधी तीच सांगायची, हलला बघ, दाब. मी दाबायचे. तिचं वजन उतरत चाललेलं, तळव्याखाली नुसतं हाड लागायचं, डोळ्यांत पिवळेपणा यायला लागलेला, आणि मी उभी राहून कोन मोजत होते. कशासाठी, हे मला माहीत होतं. कशासाठीही नाही. सांगावं असं रोज जिभेवर यायचं. एकदा स्वयंपाकघरात मेहुण्यांना म्हटलंसुद्धा की मी सांगणार आहे. ते ओट्याला टेकून खाली बसले. मग नाही सांगितलं.

आणि काय सांगू, हात यायला लागला. ज्या नव्वदनं आम्हाला रडवलं होतं ते एका आठवड्यात मागे पडलं. शंभर, एकशे पाच, एकशे चौदा. खांदा जागच्या जागी, कंबर सरळ, दोन्ही टाचा जमिनीवर. त्या फिजिओच्या मुलीनं पाहिलं असतं तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. जन्मात पहिल्यांदा मला वाटत होतं की उत्तर बरोबर येऊ नये.

उन्हाळा लागला होता. दुपारी जेवणानंतर ती उठली आणि म्हणाली, चल, आज वाटतंय येईल. मी खांदा धरला. बोट रेघेवरून वर गेलं, थांबलं, पुन्हा गेलं, आणि लाल खुणेला लागलं. मी खूण केली, दोरा बसवला, टेपला लावला. एकशे बत्तीस. पुन्हा लावला. एकशे बत्तीसच.

"आलं का गं?" तिनं विचारलं.

"आलं."

"खांदा हलला नाय ना?"

"नाही हलला."

तिनं हात खाली घेतला नाही. भिंतीला तशीच टेकून, हात वर धरून, धापा टाकत माझ्याकडे बघून हसली. हसताना ओठ सुटे करायलासुद्धा तिला कष्ट पडत होते. "मग लाव ना त्यांना फोन. सांग, हात आला म्हणावं. आता तरी बोलवा म्हणावं."

मी टेबलावरचा फोन उचलला. तिच्याकडे पाठ केली नाही, तिला वाईट वाटलं असतं. कुठलाच नंबर न लावता फोन कानाला लावला, थोडी थांबले, आणि बोलायला लागले. हो, मी बोलतेय. हो, एकशेवीस. नाही, या वेळी नीट मोजलंय. खांदा धरून.